उंबरठ्यावरचा व्यापार

एखाद्या धंद्याचा इतिहास लिहावयास बसले म्हणजे लेखकाची नजर साहजिकच प्रथम मालकाच्या दप्तराकडे जाते, तेथून ती कारखान्याकडे वळते, आणि माल प्रत्यक्ष गिऱ्हाइकाच्या हाती ठेवणाऱ्या माणसापर्यंत पोहोचेतो ग्रंथाची पाने बहुधा संपत आलेली असतात. स्त्रियांच्या प्रसाधनांचा जो व्यापार दुकानाची पायरी न चढता घरोघरच्या उंबरठ्यावर वाढला, त्याचा इतिहास या क्रमाने लिहिला तर त्यातले मर्मच निसटते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत हा धंदा उभा राहिला तेव्हा त्याचे मुख्य भांडवल म्हणजे एका बाईची दुसऱ्या बाईशी असलेली ओळख हेच होते; आणि हे भांडवल कोणत्याही कंपनीच्या जमाखर्चात कधी मांडले गेले नाही. आज व्यापारविद्येच्या वर्गांतून ज्या युक्त्या शास्त्र म्हणून शिकविल्या जातात, त्यांतील कितीतरी अशा फिरत्या बायकांनी आपल्या व्यवहारात आधीच रुळविल्या होत्या, हे सांगण्यासाठी हा प्रपंच.

डेव्हिड हॉल मॅकॉनेल हा न्यू यॉर्क राज्यातील ऑस्वेगो येथे १८५८ साली जन्मलेला तरुण पुस्तके घेऊन दारोदार फिरत असे. बंद दार उघडावे, निदान उघडलेले दार लगेच मिटू नये, म्हणून तो गृहिणीला अत्तराची एक लहानशी कुपी भेट देई; आणि पुस्तकापेक्षा अत्तराचीच विचारपूस अधिक होते, असे त्याच्या ध्यानात आले, अशी त्याच्या कंपनीची परंपरागत कथा आहे. अशा कथांना संस्थापकांच्या चरित्रात नेहमीच थोडा मुलामा चढतो, हे लक्षात घेऊनही तिच्या गाभ्यातील व्यापारी तर्क अगदी खणखणीत आहे असे मला वाटते. पुस्तक एकदा फडताळात गेले की पिढीभर पुरते आणि विकणाऱ्याला त्या घरी पुन्हा जाण्याचे कारण उरत नाही. अत्तर मात्र सरते. सरणारी वस्तू विकणाऱ्याला त्याच दारी पुन्हा यावे लागते, पुन्हा येणारा परका राहत नाही, आणि परका न राहिलेल्या माणसाला नवा माल दाखविण्यासाठी निराळी प्रस्तावना करावी लागत नाही. १८८६ साली न्यू यॉर्क शहरातील १२६, चेंबर्स स्ट्रीट या पत्त्यावरील लहानशा जागेत मॅकॉनेलने जी कंपनी काढली, तिची सारी नीती या एका निरीक्षणावर उभी होती. कॅलिफोर्नियाच्या फुलांची त्या काळी मोठी वाखाणणी होत असे, म्हणून कंपनीचे नाव ठेवले ‘कॅलिफोर्निया परफ्यूम कंपनी’. तिचा पहिला माल म्हणजे ‘लिटल डॉट’ नावाचा पाच सुगंधांचा संच होता. पांढरा गुलाब, व्हायोलेट, लिली ऑफ द व्हॅली, हेलिओट्रोप आणि हायसिंथ असे ते पाच सुगंध.

पण माल तयार झाल्याने धंदा होत नाही. न्यू हँपशायरमधील विंचेस्टर गावच्या पर्सिस फॉस्टर ईम्स ऑल्बी या बाईने पूर्वी मॅकॉनेलचीच पुस्तके विकली होती. वयाची पन्नाशी गाठलेली ही दोन मुलांची आई त्याची पहिली ‘जनरल एजंट’ झाली. घोडागाडीने आणि आगगाडीने गावोगाव हिंडून तिने नुसते अत्तर विकले असते तर चांगली विक्रेती म्हणून तिची नोंद झाली असती आणि काळाच्या ओघात ती पुसलीही गेली असती. तिचे कार्य त्याहून मोठे होते. प्रत्येक गावी ती एक अशी बाई हेरी की जिला गावात मान आहे, जिचे घराघरांत जाणेयेणे आहे, जिच्या बोलण्यावर चारचौघींचा इतबार आहे आणि जिला स्वतःच्या हातात चार पैसे हवे आहेत. मग तिला माल, भाव, मागणी नोंदविण्याची रीत आणि हिशेब समजावून देऊन ती पुढच्या गावची वाट धरी. मागे राहिलेली बाई आपल्या मुलखात कंपनीची मुखत्यार होई. अमेरिकेतील स्त्रियांना राष्ट्रीय निवडणुकीत मत देण्याचा सार्वत्रिक हक्क १९२० साली मिळाला, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याआधी चौतीस वर्षे एका प्रौढ स्त्रीने केवळ आपल्या पारखीवर उभी केलेली ही साखळी किती मोलाची होती याची कल्पना येते. मॅकॉनेल स्वतः तिला कंपनीची माता म्हणे. हा बहुमान रास्त होता. परंतु मातेच्या नावे कंपनीत किती वाटा होता असा प्रश्न विचारला तर दप्तर मुके राहते.

या व्यवहाराची रीत जवळून पाहण्यासारखी आहे. विक्रेती पगारी नोकर नव्हती. विक्रीवर मिळणारी दलाली हाच तिचा मोबदला. ती नमुन्याची पेटी घेऊन घरी जाई, बैठकीच्या मेजावर पेटी उघडी, कुपीचे बूच काढून हातरुमालाला वास लावून दाखवी, आणि पसंतीची मागणी वहीत टिपून घेई. सगळ्या मागण्या एकत्र करून कंपनीकडे पाठवायच्या, माल आला की तो घरी निवडून ज्याचा त्याला नेऊन द्यायचा, तेव्हा पैसे गोळा करायचे आणि त्यांतून कंपनीचा भरणा करायचा. म्हणजे एका शिशीमागे दोन खेपा, आणि कोणी ‘पुढच्या आठवड्यात देते’ म्हणाली तर तिसरी. गुदामाचे भाडे नाही, दुकानातील नोकरांचा पगार नाही, जाहिरातीचा खर्च नाममात्र. हा सगळा खर्च कंपनीने वाचविला तो या बाईच्या चालण्यावर आणि तिच्या घराच्या कोपऱ्यावर. कंपनीचे पहिले सूचिपत्र १८९६ साली निघाले, १८९७ साली सफर्न येथे प्रयोगशाळा उभी राहिली, १९०५ साली विक्रेत्यांसाठी ‘आउटलुक’ नावाचे पत्र सुरू झाले. आणि मासिकातील पहिली जाहिरात ‘गुड हाऊसकीपिंग’मध्ये आली ती १९०६ साली, म्हणजे धंदा सुरू होऊन वीस वर्षे लोटल्यावर. तोवर विक्रेत्यांची संख्या दहा हजारांच्या घरात गेली होती. जाहिरातीवाचून इतका विस्तार झाला, याचा अर्थ जाहिरात होतच होती; ती फक्त छापली जात नव्हती.

हा व्यापार घराच्या आतच का वाढला, यालाही कारण होते. त्या काळच्या मध्यमवर्गीय अमेरिकन घरांत चेहऱ्याला रंग लावणे हे नाटकातल्या नटींचे लक्षण मानले जाई. अत्तर, सुगंधी पाणी, कोल्ड क्रीम, दंतमंजन येथपर्यंतच प्रतिष्ठेची सीमा होती. भर बाजारात दुकानदार पुरुषासमोर उभे राहून आपल्या कांतीची चर्चा करणे ज्या बाईला अवघड वाटे, तिला ओळखीच्या बाईशी आपल्याच बैठकीत ती मोकळेपणाने करता येई. शिवाय डब्यात काय घातले आहे याची हमी द्यायला सरकार पुढे आलेले नव्हते. १९०६ सालच्या अन्न व औषधांच्या कायद्याने प्रसाधनांना हातच लावला नव्हता. ती संघराज्याच्या कायद्याच्या कक्षेत आली १९३८ साली. मधल्या काळात पाऱ्याची किंवा शिशाची भेसळ असलेले लेप बाजारात मिळत असताना, ‘मी स्वतः लावते, मला काही अपाय झाला नाही’ हे शेजारणीचे वाक्य हीच गिऱ्हाइकाला मिळणारी खरी सनद होती. कंपनीनेही ही गोष्ट ओळखून व्हॅनिलाचे अर्क आणि घरसफाईचे सामान असा स्वयंपाकघरातला माल जोडीला ठेवला, म्हणजे अत्तर घेणे ज्या घरात चैन मानले जाई त्या घरीही शिरायला निमित्त मिळे.

याच सुमारास, याच देशात, पण ज्यांच्यासाठी गोऱ्यांच्या बैठकीचे दार कधीच उघडणारे नव्हते अशा समाजात, ही विद्या आणखी उंचीला गेली; आणि या साऱ्या इतिहासातले माझ्या मते सर्वांत तेजस्वी प्रकरण तेच आहे. साराह ब्रीडलव्ह ही २३ डिसेंबर १८६७ रोजी लुइझियानातील डेल्टा येथे कापसाच्या मळ्यावर जन्मली. तिचे आईबाप त्याच मळ्यावर गुलाम म्हणून राबलेले. सातव्या वर्षी पोरकी, चौदाव्या वर्षी विवाहित, विसाव्या वर्षी विधवा आणि पदरी एक मुलगी, अशा स्थितीत ती सेंट लुइसला आली आणि लोकांचे कपडे धुऊन दिवसाकाठी जेमतेम दीड डॉलर मिळवू लागली. तिचे केस गळू लागले होते. ही व्याधी तिच्या एकटीची नव्हती. नळाचे पाणी घरात नाही, डोके वरचेवर धुण्याची सोय नाही, श्रम अतोनात आणि अन्न निकृष्ट, यांमुळे तिच्या समाजातील असंख्य बायकांच्या डोक्यावर खपल्या धरत आणि केस विरळ होत. या व्याधीवरील मलम घरोघर जाऊन विकण्याचा धंदा ॲनी टर्नबो, पुढे ॲनी मॅलोन, या कृष्णवर्णीय उद्योजिकेने सेंट लुइसमध्ये जोमाने चालविला होता, आणि साराह प्रथम तिचीच विक्रेती झाली. ॲनीचे नाव या कथेत नेहमी ओझरते घेतले जाते. ‘पोरो’ या नावाने तिने उभारलेला व्यवसाय आणि १९१८ साली सेंट लुइसमध्ये बांधलेली पोरो कॉलेजची भव्य इमारत पाहता हा तिच्यावर अन्याय आहे.

१९०५ साली साराह डेन्व्हरला गेली, पुढच्या वर्षी चार्ल्स जोसेफ वॉकर या वर्तमानपत्री जाहिरातींच्या व्यवसायातील गृहस्थाशी तिने विवाह केला, आणि ‘मादाम सी. जे. वॉकर’ या नावाने स्वतःचा ‘वंडरफुल हेअर ग्रोअर’ बाजारात आणला. पन्नास सेंटच्या त्या डब्यावर स्वतःचे चित्र होते. जाहिरातीत तर आपले पूर्वीचे तोकडे केस आणि नंतरचे लांब केस यांची छायाचित्रे शेजारीशेजारी छापण्याचे धैर्य तिने दाखविले. दक्षिणेकडील राज्यांतून ती दीर्घकाळ फिरली. गावी गेली की प्रथम तेथील चर्चशी संधान बांधायचे, मंडळीतील एखाद्या प्रतिष्ठित कुटुंबात उतरायचे, सभागृहात बायकांना जमवून केसांच्या निगेवर व्याख्यान द्यायचे, एखाद्या बाईला पुढे बसवून तिचे डोके स्वतःच्या हातांनी धुऊन, मलम चोळून दाखवायचे, मग निवडक बायकांना शिकवून विक्रेत्या नेमायच्या आणि मागण्या टपालाने घरी धाडायच्या, जेथे तिची मुलगी डबे भरून पाठवीत असे. गावातल्या गोऱ्या दुकानदाराकडून या बायकांना अवहेलनेपलीकडे फारसे काही मिळत नसे. स्वतःच्या चर्चच्या सभागृहात, स्वतःच्याच रंगाच्या बाईने त्यांच्या डोक्याला ममतेने हात लावावा, याचा जो परिणाम होत असेल तो कोणत्या बाजारनीतीच्या पुस्तकात मावणार? १९०८ साली पिट्सबर्गमध्ये लेलिया कॉलेज निघाले, १९१० साली इंडियानापोलिस हे ठाणे झाले, कारखाना उभा राहिला. शिकून बाहेर पडलेली बाई ‘हेअर कल्चरिस्ट’ म्हणवून घेई. कालपर्यंत जिला मालकीण नुसत्या नावाने हाक मारी, तिच्या हाती प्रमाणपत्र, काळी पेटी आणि स्वतःचे गिऱ्हाईक आले.

१९१२ साली शिकागो येथे नॅशनल निग्रो बिझनेस लीगचे अधिवेशन भरले असता अध्यक्ष बुकर टी. वॉशिंग्टन यांनी तिला बोलण्याची संधी दिली नाही. केस सरळ करण्याच्या मालाविषयी त्यांचे मत प्रतिकूल होते, आणि गोऱ्यांच्या रूपाचे अनुकरण हा आक्षेप त्या धंद्यावर आजही घेतला जातो. आपण केसांचे आरोग्य राखतो, हे तिचे त्यावरील उत्तर होते. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पण शेवटच्या दिवशी ती जागेवरून उठली आणि कापसाच्या शेतातून धुण्याच्या टपापर्यंत, टपापासून स्वयंपाकघरापर्यंत आणि तेथून स्वतःच्या कारखान्यापर्यंत आपण कशा आलो हे तिने भर सभेत सांगितले. पुढच्या वर्षीच्या अधिवेशनात वॉशिंग्टन यांनीच तिला व्यासपीठावर सन्मानाने बोलाविले.

१९१७ साली फिलाडेल्फियाच्या युनियन बॅप्टिस्ट चर्चमध्ये तिच्या विक्रेत्यांची पहिली राष्ट्रीय परिषद भरली. दोनशेहून अधिक बायका जमल्या. सर्वांत अधिक विक्री करणारीला पारितोषिक मिळाले, यात नवल नाही. परंतु आपल्या गावी लोकोपयोगी कामाला सर्वांत अधिक देणगी देणारीलाही पारितोषिक होते, आणि विक्रीचे हे अंग मला इतरत्र कोठे दिसलेले नाही. त्याच वर्षीच्या जुलैत ईस्ट सेंट लुइस येथे कृष्णवर्णीयांची कत्तल झाली होती. परिषदेने राष्ट्राध्यक्ष विल्सन यांना तार करून झुंडशाहीने होणाऱ्या हत्यांविरुद्ध कायदा करण्याची मागणी केली. केसांचे मलम विकणाऱ्या बायकांनी, बहुतेकींना मतदानाचा हक्कही नसताना, एकत्र बसून राष्ट्राध्यक्षांकडे अशी मागणी करावी, इतके बळ या व्यापाराने त्यांच्या अंगी आणले. २५ मे १९१९ रोजी मादाम वॉकर वारली. मृत्यूपूर्वी हत्याविरोधी चळवळीच्या निधीला तिने पाच हजार डॉलर देऊ केले होते.

मॅकॉनेलच्या कंपनीची पुढची वाट अधिक परिचयाची आहे. १९२८च्या सुमारास शेक्सपिअरच्या गावावरून ‘एव्हॉन’ हे नाव तिच्या मालाला मिळाले, १९३७ साली मॅकॉनेल वारला आणि १९३९ साली तेच नाव सबंध कंपनीचे झाले. महामंदीच्या काळात इतर धंदे बसत असताना हिची विक्री वाढली; १९३२ साली महिन्याऐवजी तीन आठवड्यांची मोहीम, प्रत्येक मोहिमेला निराळी सवलत, अशी तजवीज झाली आणि विक्रेतीची फेरी अधिक लवकर होऊ लागली. नवरा बेकार झालेल्या घरातील बाईला हे काम मिळत होते, हेही त्या वाढीचे कारण होय. १९५४ साली दूरचित्रवाणीवर दारावरच्या घंटेचा तो प्रसिद्ध ‘डिंग डाँग’ ऐकू आला, आणि टापटिपीच्या पोशाखातली हसतमुख गोरी विक्रेती ही या धंद्याची सर्वमान्य प्रतिमा होऊन बसली. तीत ना पर्सिस ऑल्बीचा घोडागाडीचा प्रवास दिसत होता, ना तिसऱ्या खेपेचा तगादा. विक्रेत्यांपैकी पुष्कळजणी काही महिन्यांतच काम सोडीत, आणि त्यांच्या जागी नव्या आणणे हेच वरच्या अधिकाऱ्यांचे निरंतर काम झाले.

१९६३ साली डॅलसमध्ये मेरी के ॲश हिने पाच हजार डॉलरच्या शिलकीवर निराळी पद्धत बसविली. एका घरी पाचसहा बायकांना जमवून त्वचेच्या निगेचा वर्गच भरवायचा, विक्री मागाहून व्हायची. आधीच्या नोकरीत तिने शिकविलेला पुरुष तिच्याच डोक्यावर वरिष्ठ म्हणून नेमला गेला, या सलापोटी तिने कंपनी काढली होती. १९६९ पासून उत्तम विक्रेत्यांना गुलाबी कॅडिलॅक देण्याची प्रथा पडली, तिच्यामागे सन्मानाची ही भूक होती. मात्र या वळणावर एक धोका बळावला. माल विकण्यापेक्षा विकणाऱ्या बायका जोडणे अधिक किफायतीचे ठरले की ओळखीचे भांडवल आटू लागते, कारण शेजारीण गिऱ्हाईक राहत नाही, भरतीचा आकडा होते. दरम्यान १९७० नंतर अमेरिकन स्त्रिया कचेऱ्यांत गेल्या, दुपारच्या वेळी घरे रिकामी राहू लागली, आणि एव्हॉनच्या विक्रेतीला घंटा सोडून कचेरीतल्या मधल्या सुट्टीत सूचिपत्र फिरविणे भाग पडले. २०१९-२० मध्ये ब्राझिलच्या नॅच्युरा या कंपनीने एव्हॉन विकत घेतली, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये एव्हॉन प्रॉडक्ट्सने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज रुजू केला.

आपल्याकडे ओरिफ्लेम, एव्हॉन या कंपन्या १९९०च्या दशकात आल्या तेव्हा दारावर माल येण्याची रीत महाराष्ट्राला नवी नव्हती. बांगड्यांचे ओझे घेऊन वाड्यावाड्यांतून फिरणाऱ्या वैराळाला आळीतल्या प्रत्येकीच्या मनगटाचे माप तोंडपाठ असे, आणि कोणाची लेक बाळंतपणाला आली आहे हे विचारावे लागत नसे. पर्सिस ऑल्बीने गावोगाव जी बाई हेरली तिच्या ठायी हीच जाण होती. नव्या कंपन्यांचा माल येथे पसरला तो दारावरच्या घंटेपेक्षा भिशीच्या दुपारी आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवात. वाण लुटून झाले की एखादी पिशवीतून सूचिपत्र काढी, लिपस्टिकच्या छटा आपल्या हाताच्या मागच्या बाजूला ओढून दाखवी, आणि यजमानिणीला बरे वाटावे म्हणून का होईना, दोघीतिघी नाव टिपवीत. नात्याचा हा संकोच हेच विक्रीचे साधन होऊन बसले, याचे वाईट वाटते. पण त्याच वहीतून मुलांच्या शाळेची फी भरणाऱ्या बायकाही मी पाहिल्या आहेत, आणि त्यांच्या कष्टाला नाक मुरडण्याचा अधिकार कोणालाही नाही.

केंद्र सरकारने २८ डिसेंबर २०२१ रोजी ग्राहक संरक्षण कायद्याखाली या विक्रीसाठी नियम जारी केले. पिरॅमिडसारख्या साखळीयोजनांना त्यांनी बंदी घातली, आणि ओळखपत्राशिवाय व आधी वेळ ठरविल्याशिवाय किंवा संमतीशिवाय विक्रेत्याने ग्राहकाच्या घरी जाऊ नये असे बंधन घातले. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने ही व्यवस्था योग्यच झाली. विक्रेतीने ओळखीपाळखीत उधारीवर दिलेल्या मालाची वसुली मात्र आजही तिची तिलाच करावी लागते, आणि पैसे बुडाले तर ते तिच्याच दलालीतून जातात.